कुडम कुठवर भरतो

विल्लीवाक्कम, चेन्नई
११ जानेवारी २००४

ती. वन्सं,

नमस्कार. आईंनाही माझा नमस्कार सांगा, आणि जरा मोठ्यानं सांगा. गेल्या पत्रातला त्यांना ऐकू गेला नव्हता म्हणे.

ही बातमी फोनवर दिली असती, पण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं अशी आपली वाटणी ठरलेली आहे. म्हणून लिहिते. मला नोकरी लागली आहे. आमच्या मागच्या गल्लीतली शाळा, दुसरीचा वर्ग. तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि बाळ बघून परत येत नाही म्हणाल्या. मुख्याध्यापिका सकवारबाई म्हणून आहेत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज इकडे आले ते परत गेलेच नाहीत, आणि त्यांचं मराठीही तेव्हाचंच राहिलं, फक्त हेल तमिळ झाला. ‘बरें आहां की?’ असं त्या विचारतात तेव्हा घोड्यावरून खाली उतरून उत्तर द्यावं असं वाटतं. मराठी बोलणारी बाई मिळाली एवढ्यावरच त्यांनी मला घेतलं. माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका त्यांनी पाहिली नाही, ते एक बरं झालं.

पण नोकरी तात्पुरती आहे. फेब्रुवारीच्या शेवटी शाळेच्या मंडळाचे खजिनदार राममूर्ती वर्गात बसून माझा एक पाठ बघणार आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. पाठ दिला आहे धारकतेचा. कोणत्या भांड्यात किती मावेल याचा मुलांनी आधी अंदाज करायचा, मग मोजून बघायचं.

तुमच्यापासून काय लपवायचं? बँकेची बदल्यांची यादी एप्रिलात निघते आणि तुमच्या बंधूंचं, उमाकांतांचं, नाव यंदा तीत आहे. बायकोची इथली नोकरी कायम असेल तर मुक्काम वाढवून मागता येतो. आम्हा दोघांना इथेच राहायचं आहे. म्हणजे एका पाठावर आमचं अख्खं बिऱ्हाड टांगलेलं आहे. तुम्ही डी.एड. कॉलेजात बायांना शिकवायला शिकवता, त्यावर तुमचं पुस्तक आहे. मी आजवर फक्त घरच्यांना शिकवलंय, आणि ते शिकले नाहीत. तेव्हा मार्गदर्शन करावं.

पहाटेचे साडेपाच झालेत. खाली लॉरीचा हॉर्न वाजला आणि हे जिना उतरून धावलेसुद्धा. भाजीची लॉरी येते. मलाही जायला हवं.

तुमची
विद्युलता

---

शाहूपुरी, कोल्हापूर
१९ जानेवारी २००४

चि. सौ. विद्युलता,

आशीर्वाद आहेतच. तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, नमस्कारासकट. पहाटे साडेपाचला नवराबायकोनं भाजीसाठी धावायचं ही काय रीत, असं तिनं विचारलं आहे. मलाही तोच प्रश्न पडला.

तुम्हाला तिथेच राहायचं आहे हे वाचलं. मी काही म्हणत नाही. आई माझ्याकडे आहे, बरी आहे. गुडघ्यांमुळे तिला सगळं हातात द्यावं लागतं. दिवसभर खिडकीजवळ खुर्चीत बसते आणि मी कॉलेजातून आले की पहिला प्रश्न विचारते, उमाकांत कधी येणार? मी तिला सांगते, त्यांना तिकडे करमतं. तुझे दाजी म्हणतात, मुलगा असताना मुलीनं किती करायचं. मी त्यांना गप्प करते. मी काही म्हणत नाही.

आता धारकता. माझ्या पुस्तकातलं पहिलं वाक्य पाठ कर: जो सांडत नाही तो शिकत नाही. वर्गाबाहेर एक मोठा हौद काठोकाठ भरून ठेव. भोवती तांबे, पेले, बाटल्या, पातेली मांड. मुलांना दिवसभर ओतू दे. उंच बाटलीत जास्त मावतं असं ती म्हणतील आणि बसक्या पातेल्याला कमी लेखतील. ही त्या वयाची चूक आहे. तिला हात लावू नको. ओतून ओतून ती आपोआप जाते. संध्याकाळी हौद ओतून द्यायचा, दुसऱ्या दिवशी ताजा भरायचा. आमच्या कॉलेजात धारकतेच्या आठवड्यात अंगणाचा चिखल होतो, आणि चिखल किती झाला ते बघून मी पाठाला गुण देते.

मद्रासच्या पाण्याबद्दल पेपरात काहीबाही आलं होतं. तुमच्याकडे कसं आहे? अर्थात पेपरवाल्यांचं काही खरं नसतं.

कमलिनी

---

विल्लीवाक्कम
१ फेब्रुवारी २००४

ती. वन्सं,

पेपरात आलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाचं. आमच्याकडे ठीक आहे. अगदी ठीक.

हौदाचा बेत सध्या बाजूला ठेवला आहे, कारण वर्गातल्या मुलांना सर्दी झाली आहे. सगळ्याच मुलांना. म्हणून पाण्याऐवजी तांदूळ घेतला. उंच बाटली आणि बसकं पातेलं समोर ठेवलं आणि पुस्तकातल्या चुकीची वाट बघत बसले. एकानंही ती केली नाही. सगळ्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. कसं कळलं म्हणून विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांना नाक कुठे आहे ते विचारलं होतं. वन्सं, ही मुलं तुमच्या पुस्तकाला फार लवकर मोठी झालेली दिसतात.

पुढे मात्र घोळ झाला. वाटीनं तांदूळ मोजायला सांगितला, तर प्रत्येक पोर शीग लावून वाटी भरतं. त्यामुळे तेच पातेलं एकाच्या हातानं आठ वाट्यांत भरतं, दुसऱ्याच्या अकरा. वाटीवरून हात फिरवून सपाट कर असं म्हटलं, तर कामाक्षी नावाची एक दात पडलेली मुलगी म्हणाली, “मिस, दुसऱ्याला देताना सपाट देत नाहीत.” मी म्हटलं, आपण कुणाला देत नाही, मोजतोय. ती म्हणाली, मग कशाला मोजतोय. दुसऱ्या दिवशी शाळेत तांदूळ वाटतात असं ऐकून दोघी-तिघी आया पिशव्या घेऊन फाटकाशी उभ्या. सकवारबाईंनी मला बोलावून अन्नाशी खेळ नको म्हणून सांगितलं, आणि त्या जुन्या मराठीत ते फर्मानासारखं वाटलं.

म्हणून पुन्हा पाण्यावर आले आहे. पाठासाठी त्यांनी मला एक कुडम पाणी मंजूर केलं. कुडम म्हणजे इथली प्लास्टिकची घागर, हिरवी, केशरी, सगळ्या रंगांत मिळते. एकच का, असं तुम्ही विचाराल. इथे शिस्त फार आहे.

विद्युलता

---

शाहूपुरी
९ फेब्रुवारी २००४

चि. सौ. विद्युलता,

शिस्त! एका घागरीत धारकता शिकवायची म्हणजे एका अक्षतेत लग्न लावायचं. आणि मुलांनी चूक केली नाही याचा अर्थ तू ती करू दिली नाहीस. तू नक्की डोळ्यांनी खुणावलं असशील, नवख्या बाया खुणावतात.

तुला पुस्तक समजलेलं नाही हे उघड आहे, तेव्हा मीच येते. चोवीस तारखेला मिरजेहून गाडीत बसते. आईलाही आणते, मुलाला एकदा डोळे भरून बघू दे. पाठाच्या दिवशी मी वर्गात मागे बसेन. त्या खजिनदारांना तसं कळव, आणि माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आहे हेही कळव. घरच्या माणसासाठी एवढं करायलाच हवं. तुमचा मुक्काम वाढला तर वाढला, माझी काही हरकत नाही.

आमच्यासाठी काही विशेष करू नको. आईला अंघोळीला दोन बादल्या कडकडीत पाणी लागतं. मला केस धुवायचे नसतील त्या दिवशी दोन पुरतात.

कमलिनी

---

विल्लीवाक्कम
१५ फेब्रुवारी २००४

ती. वन्सं,

तुम्ही येणार हे वाचून आम्हा दोघांना इतका आनंद झाला की हे जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

फक्त काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात असं वाटलं. इथे उकाडा सुरू झाला आहे. डास आहेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईंचे गुडघे. शिवाय फेब्रुवारीत इथला समुद्र तितकासा बघण्यासारखा नसतो, मार्चात बरा असतो असं म्हणतात, आणि एप्रिलात तर फारच. पाण्याचं सांगायचं तर... म्हणजे पाणी बदललं की पोट बिघडतं, एवढंच म्हणायचं होतं.

तरीही यायचंच असेल तर वाट बघतो.

विद्युलता

---

शाहूपुरी
८ मार्च २००४

चि. सौ. विद्युलता,

पोचले. दंड अजून दुखतात. दाजी तेल लावून देतात आणि लावताना हसतात.

स्टेशनवर तू माझ्याशी नीट बोलली नाहीस म्हणून काही गोष्टी कागदावर स्वच्छ सांगते. पहिल्या दिवशी पहाटे आई उठली आणि तिनं तेच केलं जे जन्मभर केलं. कालचं शिळं पाणी ओतून दिलं, भांडी चिंचेनं लखलखीत घासली आणि ताजं भरायला नळ सोडला. नळातून हवा आली. तोवर तुझे स्वयंपाकघरातले सगळे कुडम, बादल्या आणि पिंप मोरीत गेलं होतं. पुढच्या लॉरीपर्यंतचं पाणी. तू मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडलीस ते मला बघवलं नाही. पण दोष कुणाचा? बाहेर दुष्काळ पडलेला, नळाला महिनोन् महिने थेंब नाही, आणि सासरी पत्र जातं, अगदी ठीक! भाजीची लॉरी! मला कळवलं असतंस तर आईला मी प्रवासातच सांगितलं असतं. तू कळवलं नाहीस, कारण कळवलं तर ‘मग परत या’ असं आम्ही म्हणू याची तुला भीती. म्हटलं असतंच. त्यात भिण्यासारखं काय आहे?

कुणी असं समजू नये की मला घागरी वाहायचा कमीपणा वाटला. शेजारच्या सरोजाच्या मागे रांगेत उभी राहून तीन मजले मी वाहिल्या. त्याबद्दल बोलत नाही.

आता पाठाबद्दल. मला मनापासून वाईट वाटलं. कुडमात किती लिटर मावेल हा प्रश्न चांगला होता. पण अख्ख्या वर्गानं बारा म्हटलं आणि काठापर्यंत भरल्यावर झाले पंधरा. मुलांचे अंदाज चुकतातच, पण ते इकडे तिकडे चुकतात. सगळी मुलं मिळून एकाच बाजूला आणि सारखीच चुकली, तर चूक शिकवणाऱ्याची. ती कामाक्षी उभी राहून म्हणाली, “कुडम गळ्यापर्यंत भरतो. त्याच्या वरचं पाणी जिन्याचं.” तुला ते गोड वाटलं, तू हसलीस. राममूर्ती हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, तज्ज्ञ म्हणून आपलं मत काय? आता तूच सांग, मी काय बोलायला हवं होतं? धारकता म्हणजे काठोकाठ. ती व्याख्या आहे, कोल्हापुरात एक आणि मद्रासला दुसरी असं तिचं नसतं. मी तसं सांगितलं, त्यांनी मागितलं म्हणून लिहून सहीही दिली. भावजयीसाठी व्याख्या वाकवली असती तर उद्या कुठल्या तोंडानं वर्गावर उभी राहिले असते?

असो. नोकरी गेली असं समजून मन घट्ट कर. शाहूपुरीत आमच्या मागच्या बाजूला दोन खोल्या मोकळ्या होत आहेत, मी मालकांना थांबायला सांगितलं आहे. आणखी आठ दिवस राहते म्हणाली म्हणून आईला तिथे ठेवून आले. नाहीतरी तुम्हाला सगळ्यांना यायचंच आहे, तेव्हा सोबतच आणा.

कमलिनी

---

विल्लीवाक्कम
२१ मार्च २००४

ती. वन्सं,

मालकांना सांगा, खोल्या दुसऱ्या कुणाला द्या. मी कायम झाले.

कशी झाले ते तुम्हाला कळायलाच हवं, कारण ते तुमच्यामुळे झालं. आमच्या खजिनदारांचं आणि शाळेला पाणी पुरवणाऱ्या लॉरीवाल्याचं नाताळापासून वाजलं आहे. त्याची लॉरी येते ती झाकणाच्या खाली वीतभर रिकामी. राममूर्ती म्हणतात, पूर्ण भरून आण. तो म्हणतो, ही पूर्णच आहे, याच्या वर भरलं तर ते पाणी रस्त्याचं. म्हणजे लॉरीवाला आणि कामाक्षी एकाच पक्षाचे निघाले. राममूर्तींना कुणीतरी शिकलेलं माणूस हवं होतं, जे लिहून देईल की भरलेलं म्हणजे काठोकाठ. ते थेट कोल्हापूरहून चालत आलं. तुमचा कागद त्यांनी लॅमिनेट करून आणला आहे. मंडळाच्या बैठकीत म्हणाले, जी बाई असा तज्ज्ञ स्वतःच्या घरातून आणू शकते ती शाळेला हवीच. पाठ कसा झाला याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी तो पाहिला असं मला वाटत नाही. तुम्ही माझ्याविरुद्ध मत दिलंत आणि त्या मतावर मला नोकरी मिळाली, हे उपकार मी कसे फेडणार?

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहायला विसरलात. पंधराचा आकडा येण्यासाठी राममूर्तींना ऑफिसातल्या पिण्याच्या कॅनमधलं तीन लिटर पाणी मागवावं लागलं. कारण सकवारबाईंनी मला मंजूर केलेला कुडमही गळ्यापर्यंतच भरलेला होता. आणि त्याच सकाळी तुम्ही स्वतः जिन्यातून जे कुडम वर आणलेत तेही. काठापर्यंत भरलेला तुमचा एकच कुडम मला आठवतो, पहिला. त्यातला निम्मा सरोजाच्या दारात गेला होता.

आता लॉरी काठोकाठ भरून येते. प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यावर सांडते, आणि मागे गल्लीतली माणसं तवे-पातेली घेऊन पळतात. शाळेत पोचतं ते पूर्वीएवढंच, एखादवेळी थोडं कमीच. राममूर्ती समाधानी आहेत. तत्त्व राहिलं, असं म्हणतात.

मला एक अट घातली आहे: इथून पुढे दुसरीला काठोकाठच शिकवायचं. शिकवलं. परवाच्या चाचणीत कामाक्षीनं भरलेल्या कुडमात बारा लिटर लिहिलं. मी तिला बोलावून विचारलं, काठापर्यंत किती? म्हणाली, “पंधरा, मिस. पण प्रश्नात भरलेला कुडम आहे, सांडणारा नाही.” मी तिला पूर्ण गुण दिले. तात्पुरती असते तर दिले नसते.

यांनी मुक्काम वाढवायचा अर्ज केला आणि वरून होकार आला. हे त्या दिवशी घरी आल्यावर बोलत होते.

आणि आई. आठ दिवस म्हणाल्या होत्या ते संपून गेले, विषय निघाला की त्या कुडम उचलून चालू लागतात. त्यांना तमिळ येत नाही आणि त्याची गरज पडत नाही. कुणी मधे घुसून लॉरीचा पाइप धरला की त्या कोल्हापुरीत दोन वाक्यं बोलतात आणि माणूस मागे जातो. इमारतीची रांग आता त्या लावतात. कुणाकडे लहान मूल, कुणाकडे आजारी, त्यांना सगळं ठाऊक, त्या हिशोबानं कुणाला पुढे घ्यायचं ते ठरवतात. पहिल्या दिवशी ओतून दिलेल्या पाण्याचा विषय मी काढत नाही, त्यांनीही काढलेला नाही. पण आमच्या घरात आता भांडी घासलेलं पाणी कुंडीत आणि कपड्यांचं पाणी संडासात जातं, हा त्यांचा हुकूम आहे. सरोजा त्यांना फिल्टर कॉफी आणून देते. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणतात, कुठले गुडघे?

तुम्हाला हवं होतं तसं झालं, वन्सं. आई मुलाकडे आहेत.

विद्युलता

---

शाहूपुरी
४ एप्रिल २००४

चि. सौ. विद्युलता,

अभिनंदन. हे लिहायचं असतं म्हणून लिहिलेलं नाही.

त्या मुलीला पूर्ण गुण देणं चूक आहे. निम्मे द्यायचे होते, आणि शेजारी शेरा लिहायचा होता. पुढच्या आवृत्तीत या उदाहरणाचा विचार करीन. तुझं नाव घालता येणार नाही, ‘एका शिक्षिकेच्या वर्गात’ एवढं घालता येईल.

पहिल्या कुडमाबद्दल लिहायची गरज नव्हती.

आईला पाठव. तिची औषधं इथल्या डॉक्टरांची आहेत. उन्हाळा आला, तिकडचा उकाडा तिला सोसणार नाही. इथे जागा भरपूर आहे, गरजेपेक्षा जास्तच आहे. दाजी संध्याकाळी टीव्हीसमोर असतात. मी कॉलेजातून येते, कुलूप काढते, चहा करते. दोन कप होतात, मग एक ओतून देते. ‘उमाकांत कधी येणार’ हे ऐकून मला वैताग यायचा, हे खरं आहे. पण माणसाला सवय होते.

तिला मला पत्र लिहायला सांग. तिला अक्षर दिसत नाही, तेव्हा ती सांगेल तसं तू लिही. मधे तुझं काही घालू नको.

कमलिनी

---

विल्लीवाक्कम
१२ एप्रिल २००४

कमल,

मी सांगते आहे, विद्युलता लिहिते आहे. तिनं स्वतःचं काही घातलं तर मला कळतं, लिहिताना ती ओठ हलवते.

औषधं इथेही मिळतात. नावं तीच आहेत, फक्त दुकानदार मान आडवी हलवून हो म्हणतो, तेवढं समजून घ्यावं लागतं. उकाडा आहे. सोसतो.

तू शाळेत काय बोललीस ते मला हिनं सांगितलं नाही. सकवारबाईंनी सांगितलं. त्या हल्ली संध्याकाळी येऊन बसतात, त्यांचं बोलणं मला माझ्या आजीसारखं वाटतं. कमल, मी तुला लहानपणापासून ओळखते. तू व्याख्येसाठी नाही बोललीस. भाऊ परत यावा म्हणून बोललीस. इथे ही लिहायची थांबली होती. मी म्हटलं, लिही.

तू दोन वर्षं उमाकांतला बोलावत होतीस, माझ्यासाठी. ही इथे नोकरी धरून बसली, तू बोलावू नयेस म्हणून. दोघींनी एकमेकींना एवढी पत्रं लिहिली. आईला कुठे ठेवायचं, किती दिवस ठेवायचं, तिला काय सोसेल, काय नाही, याचे अंदाज दोघींनी बांधले. मला कुणी विचारलं नाही. उमाकांत कधी येणार असं मी रोज विचारायची, कारण दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी विचारण्यासारखं तेवढंच उरायचं. तुझ्याकडे मला सगळं हातात मिळत होतं. तू कशात कमी केलं नाहीस, पाण्याचा पेलासुद्धा मला उठून घ्यावा लागला नाही. मला मुलगा नको होता गं. काम हवं होतं.

तुला याचा राग येईल. येऊ दे. राग आला की तू रात्री जेवत नाहीस, तसं करू नको. दाजींना सांग टीव्ही बंद करून ताट वाढून घ्यायला.

मी परत येईन. कधी ते आत्ता सांगत नाही. इथे पाऊस ऑक्टोबरात येतो म्हणतात, तोवर रांग कुणाच्या हातात देऊन येऊ? सरोजा चांगली आहे, पण भिडस्त आहे. हिला शाळा आहे. उमाकांत रांगेत उभा राहिला तर लोक त्याच्यापुढे जातात आणि तो त्यांना जागा देतो.

मे महिन्यात तुला सुट्टी असते. ये. पाहुणी म्हणून मात्र येऊ नको, पाहुणीला पुरेल एवढं पाणी इथे नाही. घरची म्हणून आलीस तर रांगेत तुझी जागा मी धरते.

आई